३०० किलोमीटरची शिदोरी : प्रकल्प नोंदी

काम : नोव्हेंबरमधल्या ३०० किमी ब्रेव्हेसाठी (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) चार जणांची शिदोरी घरच्या ओट्यावर तयार करायची, तपासायची आणि ग्रॅममध्ये लिहून ठेवायची. वेळमर्यादा २० तास. रस्ता पुण्याहून शिरवळ, खंबाटकी, सातारा करत उंब्रजपर्यंत आणि परत. सुटायची वेळ पहाटे ५. स्वारांची वजनं ५४, ६१, ७० आणि ८३ किलो. विकतची जेल (सायकलवर घोटाघोटाने घ्यायचा घट्ट गोड पाक) वापरायची नाहीत. ढाबे, रसवंत्या, टपऱ्या चालतील, पण त्यांचाही हिशेब लिहायचा.

८ सप्टेंबर २०२४

आधी गरज किती ते काढलं. ७० किलोचा स्वार घाटासकट सरासरी १२० वॉट काढतो असं धरलं, तर ताशी ४३२ किलोज्यूल काम होतं. शरीराची कार्यक्षमता साधारण चोवीस टक्के असल्यामुळे चाकावर जितके किलोज्यूल, तितक्याच किलोकॅलरी पोटातून खर्च होतात. ही सोयीची गोष्ट आहे, आकडा बदलावाच लागत नाही. साडेतेरा तास पेडल मारलं की ५८०० किलोकॅलरी.

एवढं सगळं भरून काढायचं नसतं आणि भरून निघतही नाही. स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास आणि यकृतात १०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीराने साठवलेलं कर्बोदक) असतं, म्हणजे २००० किलोकॅलरी. मंद वेगात चरबीही बराच भार उचलते. ताशी ५०-६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली की गाडी चालू राहते. हल्ली सगळीकडे ताशी ९० ग्रॅमचा बोलबाला आहे. तो आकडा अडीच तासांच्या वरच्या, जोरात पळवायच्या शर्यतींसाठी. ग्लुकोज आतड्यातून ताशी ६० ग्रॅमच्या आसपासच शोषलं जातं. त्यावर जायचं तर फ्रुक्टोजची (फळांतल्या साखरेची) वेगळी वाट वापरावी लागते. ताशी २२ किमीने जाणाऱ्याने ९० ग्रॅमचा हट्ट धरला, तर ते बहुधा रस्त्याच्या कडेलाच बाहेर पडेल.

ठरलं : ५४ आणि ६१ किलोवाल्यांना ताशी ५०, बाकी दोघांना ५५-६०. आतड्यातलं शोषण वजनावर फारसं अवलंबून नसतं, त्यामुळे ८३ किलोवाल्याला दीडपट देण्यात अर्थ नाही.

सध्या चौघंही ताशी २५-३० ग्रॅमवर आहेत. दर आठवड्याच्या लांब राइडला १० ग्रॅम वाढवायचे, एकदम नाही. पोटालाही सराव लागतो.

११ सप्टेंबर

सगळ्या कृत्या चमच्यांत लिहिलेल्या असतात, म्हणून चार घरांतले ‘चहाचे चमचे’ आणून सपाट मीठ भरून वजन केलं. सगळ्यात लहान चमच्यात ४ ग्रॅम आणि सगळ्यात मोठ्यात ८. शीग लावली की त्याहून जास्त. एकाच कृतीने एका घरातलं पेय बेचव होतं आणि दुसऱ्या घरातलं समुद्राच्या पाण्यासारखं, ते यामुळे. चमचा बाद.

आता वजनकाट्याची अडचण. स्वयंपाकघरातला १० किलोचा काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो आणि पहिले दोन-तीन ग्रॅम नीट पकडतही नाही. त्यावर दीड ग्रॅम मीठ मोजणं म्हणजे अंदाजपंचे. उपाय मिठाच्या पाण्याचा. १०० ग्रॅम मीठ मोजपात्रात घालून पाणी ओतत एकूण १ लिटर करायचं (लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम घालायचं नाही, फरक पडतो). आता १० मिली पाण्यात बरोबर १ ग्रॅम मीठ. मोजायला खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं खुणांचं प्लास्टिकचं टोपण पुरतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘मीठ १० : १’ लिहून ठेवलं, नाहीतर कोणीतरी साधं पाणी म्हणून प्यायचं.

१ ग्रॅम मिठात ३९३ मिलिग्रॅम सोडियम. यापुढे सगळीकडे मीठच लिहायचं, सोडियम नाही. दोन्ही आकडे कागदावर आले की गोंधळ होतोच.

१५ सप्टेंबर

घामाचं वजन. पद्धत अशी : लघवी करून, कपडे काढून वजन. नव्वद मिनिटं ठरलेल्या जोराने सायकल. परतल्यावर टॉवेलने अंग आणि केस कोरडे करून, कपडे काढून पुन्हा वजन. प्यायलेलं पाणी बाटली तोलून काढायचं.

७० किलोवाला : आधी ७०.२, नंतर ६९.५, पाणी ०.७५ लिटर. गेलं १.४५ लिटर, म्हणजे ताशी ९७० मिली. ५४ किलोवाली त्याच रस्त्यावर त्याच वेळी ५६० मिली. एकाच गटात जवळपास दुपटीचा फरक, म्हणून ‘तासाला एक बाटली’ हा सरसकट नियम कामाचा नाही.

दोन चुका सापडल्या. एकाचं दुसरं वजन घामाने भिजलेल्या जर्सीसकट झालं होतं. जर्सी तोलली तर तीच ३०० ग्रॅम जड निघाली. दुसऱ्याचा काटा पायपुसण्यावर ठेवलेला होता. काटा फरशीवरच हवा.

गेलेलं पाणी सगळं भरून काढायचं नाही. वजन दोन-अडीच टक्क्यांनी उतरलं तर चालेल. वाढलं तर मात्र धोक्याची घंटा. वाढणं म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी पोटात जाऊन रक्तातलं सोडियम पातळ होणं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली होतं. जादा पाणी पिणं आणि रेंगाळत पूर्ण करणं हीच मुख्य कारणं होती. आपल्यासारख्या हळू जाणाऱ्यांना हाच धोका जास्त, कारण दर कंट्रोलवर (वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर) कोणीतरी प्रेमाने बाटली भरून देतो आणि थांबायला वेळही भरपूर असतो.

ही चाचणी ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा करायची. आजचं हवामान ढगाळ होतं.

२० सप्टेंबर

बाटलीतलं पेय. सहा मिश्रणं केली, एकच ठेवलं :

१ लिटर पाण्यात साखर ८० ग्रॅम, मीठ १.५ ग्रॅम (वरच्या पाण्याचे १५ मिली), एका लिंबाचा रस.

हेच का, ते लिहून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी ‘साखर कशाला, ग्लुकोज पावडर घाला’ म्हणणारच. पेय आतड्यातून लवकर उतरायचं तर त्यात विरघळलेल्या कणांची संख्या रक्ताच्या जवळपास हवी. रक्ताची पातळी लिटरला २८५ ते २९५ मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजायचं एकक). साखरेचा रेणू ग्लुकोजच्या जवळजवळ दुप्पट जड, त्यामुळे तेवढ्याच ग्रॅमांत कण निम्मे. ८० ग्रॅम साखरेचे २३४ आणि दीड ग्रॅम मिठाचे ५१, मिळून २८५. ८० ग्रॅम ग्लुकोज पावडर घातली तर एकट्या पावडरीचेच ४०० च्या वर जातात. मग शरीर आधी स्वतःचं पाणी आतड्यात ओतून ते पातळ करतं. पोटात गुडगुड होते ती त्याचीच. शिवाय साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मंनिम्मं, म्हणजे शोषणाच्या दोन्ही वाटा आपोआप चालू. लिंबाची आम्लता यात धरलेली नाही, ती किरकोळ.

७५० मिलीच्या बाटलीला साखर ६० ग्रॅम, मिठाचं पाणी ११ मिली.

कोकमाचं आगळ घालून करून पाहिलं. चवीला लिंबापेक्षा सरस, तहान चांगली भागते. पण आगळातलं मीठ घराघरात वेगळं, त्यामुळे हिशेबात बसत नाही. बिनमिठाची आमसुलं मिळाली तर लिटरला पाच-सहा, वाटीभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यायची. नाही मिळाली तर लिंबू आहेच.

ओआरएसबद्दल : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम आणि बाकीचे क्षार. ते जुलाबावरचं औषध आहे. घाम फार जातो त्याने एखादी बाटली घ्यावी, पण त्याला शिदोरी समजू नये. लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये ओतण्याची सवय मात्र सोडावी, सगळं गणितच उलटतं.

रस्त्यासाठी कोरड्या पुड्या : ६० ग्रॅम घरी दळलेली पिठीसाखर, १.१ ग्रॅम मीठ, चिमूटभर लिंबूसत्त्व. दाणेदार साखर थंड पाण्यात हलवून लवकर विरघळत नाही. पिठी विरघळते, पण बाटलीत आधी अर्धं पाणी, मग पिठी. उलट केलं की तळाला दगड बसतो. विकतच्या पिठीत बऱ्याचदा स्टार्च असतो, ती नको.

२९ सप्टेंबर

जेल. पहिला घाणा वाया गेला.

झालं असं : ३०० ग्रॅम साखर आणि पाणी उकळत ठेवलं, सवयीने दोन बोटांत पाक धरून एकतारी झाल्यावर गॅस बंद केला. गरम असताना मधासारखं सुंदर दिसत होतं. सकाळी दाबून प्यायच्या मऊ फ्लास्कच्या तोंडाशी खडीसाखर. दाबलं तर काही येईना, आणखी दाबल्यावर टोपणासकट बाहेर. एकतारी पाकात साखर इतकी घट्ट झालेली असते की थंड झाल्यावर ती पाण्यात मावत नाही. लाडवांना तेच हवं असतं. इथे नको.

दुसरा घाणा, हाच कायम :

साखर २०० ग्रॅम, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) १०० ग्रॅम, पाणी १३० मिली, लिंबाचा रस १५ मिली, मीठ ३ ग्रॅम.

१. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवायचं.
२. ५० मिली गार पाण्यात माल्टोडेक्स्ट्रिन थोडं थोडं भुरभुरवत रवीने फेटायचं. सगळं एकदम ओतलं तर वरून ओल्या आणि आतून कोरड्या गाठी होतात, त्या मोडतच नाहीत.
३. उरलेल्या ८० मिलीत साखर, लिंबू आणि मीठ. एक उकळी, त्यापुढे दोन मिनिटं मंद आच, बंद. तार बघायची नाही. लिंबाच्या आंबटपणाने थोडी साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि अशा मिश्र पाकाला दाणा धरायला जड जातं. जिलेबीच्या पाकात लिंबू पिळतात ते याचसाठी.
४. कोमट झाल्यावर दोन्ही एकत्र करून वजन. ४४० ग्रॅम भरायला हवं. कमी भरलं तर तेवढं उकळलेलं पाणी घालायचं.

४४० ग्रॅममध्ये ३०० ग्रॅम कर्बोदकं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोनास एक. १५० मिलीच्या मऊ फ्लास्कमध्ये २०० ग्रॅम मावतं, म्हणजे १३५ ग्रॅम कर्बोदकं. दोन मोठे घोट अंदाजे ३० ग्रॅम. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं.

गुळाचं जेलही केलं. चालतं, पण गाळावं लागतं, आणि तिसऱ्या घोटाला गुळाची चव घशात बसते. ‘गूळ नैसर्गिक, म्हणून पचायला हलका’ असं गटात दोनदा ऐकू आलं. गूळही मुख्यतः तीच साखर. १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं ८५ च्या आसपास, बाकी ओल आणि क्षार. आवड म्हणून वापरावा.

खर्च : विकतचं एक जेल साधारण शंभराच्या घरात. आपल्या ४४० ग्रॅममध्ये तशी दहा-बारा निघतात आणि मुख्य खर्च माल्टोडेक्स्ट्रिनचा.

४ ऑक्टोबर

कालपासून नवरात्र. चौघांपैकी दोघांचे नऊ दिवस उपवास आणि लांब राइड रविवारी आहेच. उपवास सोडा असं सांगून कोणी सोडत नाही, तेव्हा त्यातच बसवलं.

साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, कच्च्या १०० ग्रॅमला ८७ ग्रॅम कर्बोदकं. दुखणं खिचडीचं आहे : १०० ग्रॅम साबुदाण्यात ४० ग्रॅम दाण्याचं कूट आणि १५ ग्रॅम तूप घातलं की ३५ ग्रॅम चरबी होते आणि ती पोटात तीन-चार तास ठाण मांडते. खिचडी परतल्यावर खावी. निघण्यापूर्वी दोन तास आधी पातळ खीर : साबुदाणा ४० ग्रॅम, साखर ३० ग्रॅम, निम्मं दूध निम्मं पाणी मिळून ३०० मिली. साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं, चरबी थोडी.

वाटेत उकडलेले छोटे बटाटे, साल काढून सैंधव लावलेले. ३० ग्रॅमच्या एका बटाट्यात ६ ग्रॅम. केळी, खजूर. माल्टोडेक्स्ट्रिन मक्याचं असतं म्हणून एकीने नाकारलं. तिच्यासाठी नुसत्या साखरेचं जेल : साखर ३००, पाणी १६०, लिंबू १५ मिली, सैंधव ३ ग्रॅम, त्याच पद्धतीने, शेवटचं वजन ४७०. ताशी ५० ग्रॅमपर्यंत नुसती साखरही पुरते.

सैंधवातही बहुतेक सोडियम क्लोराइडच. वजन तेवढंच घ्यायचं.

निर्जळी असेल त्या दिवशी सायकल नाही. यावर चर्चा नको.

बटाटे इतके आवडले की उपवास नसलेल्या दोघांनीही शिदोरीत मागून घेतले.

१३ ऑक्टोबर

भाताच्या वड्या. युरोपातले सायकल संघ हीच गोष्ट सुशीच्या तांदळाची करतात. आपल्याकडे मावळातला इंद्रायणी आहे, चिकटपणात कमी नाही.

इंद्रायणी २०० ग्रॅम, पाणी ४५० मिली, किसलेला गूळ ६० ग्रॅम, मीठ ४ ग्रॅम, तूप १ चमचा, वेलची.

कुकरला तीन शिट्या, वाफ आपोआप जाऊ द्यायची. गरम असतानाच डावाने अर्धवट घोटायचं. मग गूळ. गूळ आधीच पाण्यात टाकला तर तांदूळ टणक राहतो, शिजतच नाही. गूळ पडल्यावर भात एकदम सैल होतो. घाबरून तांदळाचं पीठ मिसळायचं नाही. मंद आचेवर पाच-सात मिनिटं हलवत राहिलं की पुन्हा गोळा होतो. तूप लावलेल्या ताटात अर्धा इंच जाड थापून, पंख्याखाली निववून, फ्रिजमध्ये. सकाळी नऊ वड्या. एकेकीत २३ ग्रॅम कर्बोदकं आणि अर्ध्या ग्रॅमच्या आत मीठ.

नव्या तांदळाला पाणी ५० मिली कमी लागतं. पहिल्या वेळी कमी केलं नाही, तर फॉइलमधून चमच्याने खरवडून खावं लागलं.

खिचडीसारखी तिखटमिठाची दुसरी तऱ्हा : गूळ काढून मेतकूट २ चमचे, मीठ ५ ग्रॅम. वडीला १७ ग्रॅम कर्बोदकं. ही पहिलीपेक्षा महत्त्वाची ठरणार असं दिसतंय.

खोबरं घालू नये. चव येते, पण उन्हात दुपारपर्यंत आंबतं.

शिजलेला भात उबदार जागी राहिला की त्यात बॅसिलस सेरियस हा जिवाणू वाढतो आणि त्याने सोडलेलं विष गरम करूनही जात नाही. म्हणून निववणं झटपट, रात्रभर फ्रिज आणि बाहेर काढल्यापासून ऑक्टोबरात चार तास, थंडीत पाच-सहा. त्यानंतर उरलेली वडी टाकून द्यायची, कितीही जीव वर-खाली झाला तरी.

बांधणी : आतून तूप लावलेलं फॉइल, टोकं टॉफीसारखी पिळलेली. घडी घातलेलं फॉइल हातमोज्यांनी उघडत नाही.

२० ऑक्टोबर

पहिली मोठी चाचणी : पुणे–शिरवळ–खंबाटकी माथा–परत, सुमारे १२० किमी. ऊन कडक.

पोट बिघडलं दोघांचं, कारणं वेगळी.

एक. जेल घेऊन वर गोड बाटलीच प्यायली. जेलचे ३० ग्रॅम आणि २०० मिली पेयातले १६, म्हणजे पोटात एकोणीस-वीस टक्क्यांचा पाक. साध्या पाण्याबरोबर तेच बारा-तेरा टक्के होतं. यापुढे एक बाटली गोड, एक साधी. जेल आणि वडी साध्या पाण्याबरोबरच. साध्या बाटलीला लाल रबर लावलं, कारण थकल्यावर कुठली कुठली ते आठवत नाही.

दोन. शिरवळला दोन वडापाव आणि त्यावर लगेच खंबाटकीचा चढ. वडापावमध्ये वाईट काही नाही, एकात ३५-४० ग्रॅम कर्बोदकं आहेत. पण तळणीची चरबी पोट रिकामं होऊ देत नाही. चढावर रक्त मांड्यांकडे जातं, पोटाकडे कमीच राहतं. वडापाव घाट उतरल्यावर, सपाटीवर. घाटाच्या दहा मिनिटं आधी फक्त जेलचा घोट.

तिसरी चूक चौघांचीही : पहिल्या तासात कोणी काही खाल्लं नाही. भूक नव्हती म्हणे. तीन तासांनी जो रिकामेपणा येतो तो या पहिल्या तासाचा असतो, आणि मग कितीही कोंबलं तरी मागची उधारी फिटत नाही. घड्याळात वीस मिनिटांचा गजर. वाजला की खायचं, भुकेला विचारायचं नाही.

घाम पुन्हा मोजला : ७० किलोवाला आज ताशी १.३ लिटर. त्याच्या आणि ८३ किलोवाल्याच्या हेल्मेटच्या पट्ट्यांवर मिठाचे पांढरे पट्टे. दोघांसाठी दुपारच्या बाटल्यांत मीठ लिटरला २.५ ग्रॅम. त्यांना ते खारट लागलं नाही, उरलेल्या दोघांना तोंडात धरवेना.

२७ ऑक्टोबर

रोजचं जेवण. थोडक्यात, कारण यात नवं काही नाही आणि चुकतं मात्र सगळ्यात जास्त इथेच.

सरावाच्या आठवड्यात किलोमागे ५-७ ग्रॅम कर्बोदकं, १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं. चौघांच्या तीन दिवसांच्या नोंदीत प्रथिनं तिघांची कमी. वरण पातळ असतं, उसळ एकच वाटी. भर : सकाळी दोन अंडी किंवा १०० ग्रॅम पनीर, राइडनंतर तासाभरात २०-२५ ग्रॅम प्रथिनं. मोड आलेली मटकी रोज चालेल, पण राइडच्या आदल्या दिवशी नाही.

जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको. त्यातले टॅनिन वरण-भाजीतलं लोह अडवतात. मध्ये तासभर जाऊ द्यावा आणि पालेभाजीवर लिंबू पिळावं. सततची दमणूक असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यायचं, अंदाजाने लोहाच्या गोळ्या नकोत.

वजन कमी करण्याचं खूळ या दोन महिन्यांत नको. ५४ किलोवाली रात्रीची पोळी बंद करून बसली होती, ती पुन्हा सुरू करायला सांगितली.

दिवाळीचा फराळ : चकली-शेव शिदोरीत नको. बेसनाचा लाडू रात्रीच्या टप्प्यात एखादा चालेल.

१० नोव्हेंबर

२०० किमीची रंगीत तालीम, मुद्दाम दुपारी सुटून रात्री संपवलेली. आठव्या तासानंतर चौघांनाही गोडाचा वीट आला. जेलचं झाकण उघडलं की मळमळ. हा पोटाचा बिघाड नव्हता, जिभेचा होता. खारट काही दिलं की तीच माणसं खातात. मेतकुटाच्या वड्या पाच मिनिटांत फस्त झाल्या, गुळाच्या तशाच परत आल्या. शिदोरीची विभागणी बदलली : पहिले सात तास गोड, पुढे निम्म्याहून जास्त खारट.

खारट रांगेत काय टिकलं : मीठ लावलेले बटाटे, मेतकुटाची वडी, पोडी (कोरडी चटणी) लावलेली इडली (एकात साधारण ९ ग्रॅम), ताक. भडंग हलकं आणि चविष्ट, पण कोरड्या तोंडाने गिळत नाही आणि चालत्या सायकलवर ठसका लागतो. फक्त थांब्यावर.

साताऱ्यापुढे उसाचा पट्टा असल्याने रसवंत्या मिळतात. २५० मिली रसात ३०-३५ ग्रॅम साखर, आलं-लिंबू-मीठ आयतंच. एवढा गोड रस म्हणजे बारा ते चौदा टक्क्यांचा, तेव्हा बरोबर तेवढंच साधं पाणी. बर्फ नको, तो कुठल्या पाण्याचा ते कोणी सांगत नाही.

कॅफीन : किलोमागे ३ मिलिग्रॅम, ७० किलोला २१० आणि तेही एकदम नाही. टपरीचा चहा साधारण ३०-५०, २ ग्रॅम इन्स्टंट कॉफी ६० च्या आसपास. पहिला डोस रात्री साडेआठ-नऊला. डोळे मिटतच असतील तर कॉफी पिऊन पंधरा मिनिटं आडवं व्हायचं, उठेपर्यंत ती लागू होते.

थंडीत तहान लागत नाही, प्यायलेलं पाणी अर्ध्यावर आलं. गोड बाटली अर्धी म्हणजे कर्बोदकंही निम्मी. हा या पेयाचा मुळातला दोष. रात्री बाटलीवर विसंबायचं नाही, ग्रॅम खाण्यातून मोजायचे.

१४ नोव्हेंबर

शेवटचे दोन दिवस. किलोमागे ८ ग्रॅम, ७० किलोला ५६० ग्रॅम. मंद गतीच्या ३०० किमीला १०-१२ ची गरज नाही. कागदावर ५६० लहान वाटतं, ताटात डोंगर होतो. उद्याचा नमुना : सकाळी १०० ग्रॅम पोह्यांचे दडपे आणि दोन केळी, दुपारी १५० ग्रॅम तांदळाचा भात आणि पातळ वरण, संध्याकाळी जाम-पाव चार तुकडे आणि सरबत, रात्री १२५ ग्रॅम तांदळाचा दहीभात, मध्ये गुळाची पोळी. भाकरी, उसळ, कोशिंबिरी बंद, चोथा कमी. वजन किलो-दीड किलो वाढेल. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, ते पाणीच आहे.

पहाटे ३ ला : ८० ग्रॅम इंद्रायणीचा मऊभात, मेतकूट, चमचाभर तूप, दोन वेलची केळी. चहा ज्याच्या त्याच्या सवयीप्रमाणे.

७० किलोवाल्याची पिशवी : जेल ४०० ग्रॅम (दोन फ्लास्क), कोरड्या पुड्या ५, गुळाच्या वड्या ४, मेतकुटाच्या ३, बटाटे १०, इडल्या ४, मिठाच्या पाण्याची ५० मिलीची कुपी, सुटे पैसे. वड्या-बटाटे-इडल्या मिळून किलोभर होतात आणि सगळं एकदम न्यायची गरज नाही. गुळाच्या वड्या पहिल्या पाच तासांत संपवायच्या. बटाटे आणि इडल्या थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशवीसकट, साताऱ्यात ओळखीच्या घरी आदल्या रात्री फ्रिजमध्ये.

१८ नोव्हेंबर

चौघांची राइड वेळेत. उरलेलं सगळं वजन करून टाकलं.

७० किलोवाला, पेडलवर १३ तास ४० मिनिटं, एकूण १६ तास ५०. पोटात गेलं : जेल ३१० ग्रॅम (कर्बोदकं २११), गोड बाटल्या ४ (२४०), गुळाच्या वड्या ४ (९२), बटाटे १० (६०), उसाचा रस दोन ग्लास (६५), चहा ३ (३०), इडल्या ४ (३६). बेरीज ७३४, ताशी ५४. सुटताना ७०.६, परतल्यावर ६९.३ किलो.

मेतकुटाच्या तीन वड्या परत आल्या, पण त्या न आवडल्यामुळे नाही. सहा तास उलटून गेले होते म्हणून फेकल्या. त्या साताऱ्याच्या फ्रिजमध्ये हव्या होत्या, पिशवीत नाही.

८३ किलोवाल्याचं जेल २०० ग्रॅम उरलं आणि रात्री अकरानंतर त्याने फक्त चहा-बिस्किटं खाल्ली, ताशी २० ग्रॅम कर्बोदकांच्या आसपास. शेवटच्या ३० किमीत त्याचा वेग ताशी १६ किमीवर आला. ६१ किलोवाल्याच्या फ्लास्कच्या झाकणाला मुंग्या, सैल लागलं होतं.

४०० किमीच्या खेपेसाठी : जेल माणशी ३०० ग्रॅमवर आणायचं, मेतकुटाच्या वड्या ६, बटाटे १६, तिखट शेवयांचा उपमा थर्मासमध्ये करून पाहायचा. फ्लास्कची झाकणं बदलायची. मिठाच्या पाण्याची बाटली संपलीय, नवी करून ठेवणे.